बंद घरात वाजलेला अलार्म आणि पोलिसांची जबाबदारी

वाचकाचे पत्र (संक्षेपाने): आम्ही पती-पत्नी सत्तरीच्या उंबरठ्यावर असून नवी मुंबईतल्या एका जुन्या रो हाउस वसाहतीत राहतो. गेल्या वर्षी आमच्याच ओळीत घरफोडी झाली, तेव्हा सिअ‍ॅटलला असलेल्या मुलाने आग्रहाने घराला चोरीचा अलार्म बसवून घेतला. जुलैमध्ये आम्ही लग्नासाठी कोल्हापूरला गेलो असताना रात्री दोनच्या सुमारास भोंगा सुरू झाला आणि बराच वेळ थांबलाच नाही. शेजाऱ्यांनी ११२ ला फोन केला. बीट मार्शल आले, त्यांनी दारे-खिडक्या पाहिल्या. काहीही झालेले नव्हते. दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा बाहेरगावी असताना तोच प्रकार घडला. या वेळी आलेल्या हवालदारांनी शेजाऱ्यांजवळ निरोप ठेवला, की असे वारंवार होत राहिले तर दर वेळी धावून येणे जमणार नाही आणि घरमालकावर कारवाईही करावी लागेल. संस्थेच्या सचिवांनीही त्रासाबद्दल पत्र दिले आहे. मुलगा सांगतो, की त्याच्याकडे अलार्मच्या प्रकारात पुरावा असल्याशिवाय पोलीस येत नाहीत आणि अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत खोट्या अलार्मला दंडही होतो. आम्ही महापालिकेकडे काही नोंदणी करायला हवी होती का? आम्हांला दंड होईल का? तिसऱ्या वेळी खरोखर चोर आले तर पोलीस येतील की नाही? की हा अलार्म काढूनच टाकावा? – एक वाचक भगिनी, नवी मुंबई

सस्नेह नमस्कार.

आपल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी सरळ देतो, कारण त्यांचीच काळजी आपल्याला अधिक लागून राहिलेली दिसते. राहत्या घराला चोरीचा अलार्म बसवण्यासाठी नवी मुंबई महापालिकेचा परवाना लागत नाही, त्यामुळे आपल्याकडून कोणतीही नोंदणी राहून गेलेली नाही. खोट्या अलार्मसाठी ठरावीक रकमेचा दंड लावणारा पालिकेचा नियमही आपल्याकडे नाही. जे घडले ते यंत्राच्या दोषाने घडले आणि त्यात आपला हेतू वाईट नव्हता, एवढी गोष्ट कायद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येण्यासारखे नाही आणि माझ्या मते सगळ्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे.

आपल्या चिरंजीवांनी सांगितलेली माहिती त्यांच्या शहरापुरती बरोबर आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून सिअ‍ॅटलच्या पोलिसांनी असे धोरण स्वीकारले आहे, की अलार्म कंपनीकडून केवळ ‘सेन्सर वाजला’ एवढा निरोप आला तर गाडी पाठवली जाणार नाही. त्याच्या जोडीला ध्वनिमुद्रण किंवा कॅमेऱ्याचे चित्रण, प्रत्यक्षदर्शी किंवा घरातल्या माणसाने स्वतः दाबलेले आणीबाणीचे बटण, यांपैकी काहीतरी हवे. त्याचे कारणही त्यांनी जाहीर केले होते: २०२३ मध्ये अलार्म कंपन्यांकडून आलेले सुमारे १३,००० कॉल त्यांनी हाताळले आणि त्यांपैकी चार टक्क्यांपेक्षाही कमी कॉलमध्ये प्रत्यक्ष गुन्हा आढळला. त्याच्या कितीतरी आधी, २००० सालीच, युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीने असा नियम केला, की खासगी रक्षकाने किंवा अन्य माणसाने जागेवर जाऊन खात्री केल्याशिवाय पोलीस घरफोडीच्या अलार्मला जाणार नाहीत. अमेरिकेच्या न्याय विभागाने पोलिसांसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत घरफोडीच्या अलार्मपैकी ९४ ते ९८ टक्के खोटे निघतात असे म्हटले आहे आणि २००२ या एका वर्षात तिथल्या पोलिसांना सुमारे ३ कोटी ६० लाख वेळा अलार्मवर धावावे लागल्याचा अंदाज दिला आहे. इतक्या फेऱ्या वाया जाऊ लागल्यावर तिथल्या नगरपरिषदांनी अलार्मची नोंदणी, वर्षात पहिल्या एक-दोन चुकांना माफी आणि पुढे चढता दंड असे नियम केले, तर ते समजण्यासारखे आहे.

परंतु हे नियम तिथे नगरपरिषदा करू शकतात, कारण तिथे पोलीस दल हे शहराचेच असते. त्याचा खर्च शहराच्या अंदाजपत्रकातून होतो आणि त्याच्या कामाविषयीचे ठराव शहराची परिषद करते. आपल्याकडे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस हा राज्याचा विषय आहे. नवी मुंबई महापालिका १९९२ साली अस्तित्वात आली आणि नवी मुंबईचे पोलीस आयुक्तालय १९९४ साली. पण ही दोन्ही कार्यालये एकाच शहराचे नाव लावत असली तरी त्यांच्या हद्दीसुद्धा एक नाहीत. महापालिका दिघ्यापासून बेलापूरपर्यंत आहे. खारघर, कामोठे, कळंबोली हे नोड (म्हणजे नवी मुंबईची नियोजित उपनगरे) २०१६ साली झालेल्या पनवेल महापालिकेत आहेत, उरणला नगरपरिषद आहे आणि तरीही हा सगळा मुलूख नवी मुंबई पोलीस आयुक्तांच्याच अखत्यारीत येतो. तेव्हा पोलिसांनी कोणत्या अलार्मला धावून जावे आणि कोणत्या नाही, हे आपल्या पालिकेच्या महासभेने ठरवण्याचा प्रश्नच येत नाही. उद्या असा काही नियम झालाच तर तो राज्य सरकारकडून किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खालील अधिकारांत आयुक्तालयाकडून यावा लागेल. संस्थेच्या सभेत कोणी ‘पालिकेची परवानगी घेतली होती का’ असे विचारले, तर हे आपण शांतपणे सांगू शकता.

आता आपल्याकडचा कायदा पोलिसांविषयी काय म्हणतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ नुसार प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याने दखलपात्र गुन्हा (म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा) घडू नये यासाठी आपल्या कुवतीप्रमाणे प्रयत्न करणे हे त्याचे कर्तव्य आहे. घरफोडी हा दखलपात्र गुन्हा आहे. त्यामुळे ‘अमुक घरात चोर शिरले आहेत’ अशी माहिती मिळाल्यावर ‘त्या घराचा अलार्म याआधी दोनदा खोटा निघाला आहे, म्हणून जात नाही’ असे म्हणण्याची मुभा कोणत्याही पोलीस ठाण्याला नाही. हवालदारांचा निरोप हा त्रासून दिलेला इशारा समजावा. तो नियम नाही.

मात्र या वाक्यातल्या ‘माहिती’ या शब्दावर आपण थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे. भोंगा वाजणे म्हणजे गुन्ह्याची माहिती नव्हे. कुठल्यातरी सेन्सरची वायर तुटली, दार हलले किंवा काहीतरी उबदार वस्तू समोरून सरकली, एवढेच भोंगा सांगतो. ११२ वरचा कॉल घेणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर त्याच वेळी एखादी मारहाण, एखादा अपघात, घरातून बाहेर काढलेली एखादी बाई असे अनेक कॉल असतात आणि त्यांतला कोणता आधी पाठवायचा हे त्याला क्षणात ठरवावे लागते. ‘शेजारच्या बंद घराचा अलार्म वाजतो आहे’ असा कॉल त्या रांगेत मागे पडला तर त्याला मी दोष देणार नाही. ‘शेजारच्या बंद घराच्या मागच्या खिडकीचा गज वाकवलेला दिसतो आहे, आत टॉर्चचा उजेड फिरतो आहे, बाहेर नंबरप्लेट नसलेली मोटरसायकल उभी आहे’ असा कॉल मात्र मागे पडू नये आणि सहसा पडत नाही. सिअ‍ॅटलने जे लेखी नियम करून मागितले, ते आपल्याकडे नियम नसतानाही आपणच पुरवले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. कारण रात्रपाळीला एका बीटवर मोटरसायकलने फिरणारे दोन मार्शल आपल्या बंद दाराची कडी तपासत असतात, तेव्हा त्या बीटमधल्या दुसऱ्या कोणाला तरी ते मिळत नसतात.

कारवाईच्या इशाऱ्याविषयी. खोटी माहिती देऊन सरकारी नोकराला कामाला लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात; पण त्यासाठी माहिती खोटी असल्याचे देणाऱ्याला ठाऊक असावे लागते. आपल्या शेजाऱ्यांनी भोंगा ऐकून प्रामाणिकपणे फोन केला, तेव्हा त्यांना किंवा आपल्याला हे कलम लागू होत नाही. शेजाऱ्यांना हे आवर्जून सांगा, कारण या भीतीने त्यांनी पुढच्या वेळी फोन करायचे टाळले तर त्यात आपलेच नुकसान आहे.

आवाजाची बाजू मात्र आपल्याला तितकी अनुकूल नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. मर्यादेपेक्षा दहा डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तर कोणीही रहिवासी सक्षम प्राधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो. घराबाहेर बसवलेल्या भोंग्याचा आवाज जवळून सहज शंभर डेसिबलच्या पुढे असतो आणि घरगुती अलार्मला या नियमांत नावाने सवलत दिलेली नाही. एखाद्या रात्री पाच मिनिटे भोंगा वाजला म्हणून कोणी खटला भरणार नाही. पण दोष माहीत असूनही दुरुस्ती केली नाही आणि दर महिन्याला पाऊण तास वसाहतीची झोप मोडत राहिली, तर सार्वजनिक उपद्रवाची तक्रार (न्याय संहितेचे कलम २९२, दंड एक हजार रुपयांपर्यंत) उभी राहू शकते. हवालदारांनी जो शब्द वापरला त्यामागे बहुधा हेच असावे. दंडाची रक्कम किरकोळ आहे. आजारी माणसाची किंवा परीक्षेच्या मुलाची झोप किरकोळ नाही, आणि सचिवांच्या पत्राकडे आपण त्याच नजरेने पाहावे.

म्हणून सगळ्यांत आधी यंत्राकडे वळावे. दोन्ही घटना जुलै-ऑगस्टच्या, घर बंद असतानाच्या आणि रात्रीच्या आहेत, हे पत्रातले तपशील मला फार बोलके वाटतात. कोकणपट्टीच्या पावसात लाकडी दार आणि चौकट फुगते. दाराच्या वरच्या कोपऱ्यात अलार्मचे दोन छोटे पांढरे तुकडे बसवलेले असतात, एक चौकटीवर आणि एक दारावर, आणि त्यांतल्या एकात लोहचुंबक असतो. दोहोंमधले अंतर वाढले की ‘दार उघडले’ असा संकेत जातो. फुगलेले दार कडी घालूनही पूर्ण बसत नाही. मग रात्री वाऱ्याचा एक झोत आला, दार थोडेसे मागे सरले आणि ते अंतर वाढले, की भोंगा सुरू. दिवसा तंत्रज्ञ येऊन पाहतो तेव्हा दार नीट लागलेले असते आणि तो ‘सगळे ओके आहे’ म्हणून निघून जातो. असे होऊ नये यासाठी दार सुताराकडून रंधून घ्यावे लागते. नुसता सेन्सर बदलून भागत नाही.

दुसरे कारण खोलीच्या कोपऱ्यात छताजवळ लावलेला हालचाल ओळखणारा सेन्सर. तो शरीरातून निघणाऱ्या उष्णतेतला बदल टिपतो. चोर दहा फुटांवरून गेला तरी टिपतो आणि त्याच्या काचेवरूनच पाल सरकली तरी टिपतो, कारण इतक्या जवळून ती त्याला मोठी भासते. घर आठ दिवस बंद असले, की पाली आणि झुरळे मोकळी फिरतात. सेन्सरच्या डबीला मागून वायरसाठी ठेवलेले भोक उघडे राहिले असेल तर झुरळ आत जाऊन घर करते. ती भोके सिलिकॉनने बुजवायला सांगा. सेन्सरसमोर पडदा, कॅलेंडर किंवा हवेने हलणारी कोणतीही वस्तू असू नये आणि बंद घरात खिडकीची फट उघडी ठेवू नये.

तिसरी गोष्ट बॅटरी. सगळे सेन्सर ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य पॅनेलच्या पेटीत एक छोटी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते आणि तिचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षांचे असते. ती दमली असेल, तर पावसाळ्यात वीज जाऊन पुन्हा आली की पॅनेल गोंधळते. आपला अलार्म वर्षभराचाच आहे, त्यामुळे ही शक्यता कमी. पण बसवणाऱ्याने जुनी बॅटरी घातली नाही ना, हे तिच्यावरच्या तारखेवरून पाहून घ्यावे.

अंदाज करत बसण्याची मात्र गरज नाही. बहुतेक पॅनेलमध्ये कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या झोनने (म्हणजे घरातल्या कोणत्या दाराच्या किंवा खोलीच्या सेन्सरने) भोंगा सुरू केला याची नोंद राहते. तंत्रज्ञाला बोलावून त्या दोन रात्रींची नोंद आपल्यासमोर काढायला लावा आणि तिचा मोबाइलवर फोटो घ्या. दोन्ही वेळा एकच झोन निघाला तर दोष कुठे आहे ते तिथेच कळेल. तंत्रज्ञ ‘सेन्सिटिव्हिटी कमी करून ठेवतो’ म्हणाला तर तेवढ्यावर समाधान मानू नये. त्याने दोष झाकला जातो आणि चोरालाही सूट मिळते. त्याच भेटीत पॅनेलमध्ये आणखी तीन बदल करून घ्यावेत. भोंगा चार-पाच मिनिटांत आपोआप थांबला पाहिजे. एकाच झोनने लागोपाठ तीनदा भोंगा वाजवला तर तो झोन त्या रात्रीपुरता बाजूला पडला पाहिजे. आणि पॅनेलमध्ये सोय असेल तर दोन वेगवेगळ्या सेन्सरनी काही मिनिटांच्या अंतराने हालचाल टिपली तरच बाहेरचा भोंगा वाजावा, एरवी आपल्या मोबाइलवर फक्त सूचना यावी. ब्रिटनमध्ये अशा दुहेरी खात्रीलाच पोलीस महत्त्व देतात; तिथे पोलिसांकडे क्रमांक घेऊन नोंदवलेल्या अलार्मने बारा महिन्यांत तीन खोटे कॉल दिले, तर त्या घराची पोलिसांची तातडीची सेवा काढून घेतली जाते.

इंग्लंडमधली आणखी एक तरतूद मला आपल्या वसाहतींसाठी सिअ‍ॅटलच्या नियमापेक्षा अधिक उपयोगाची वाटते. तिथल्या २००५ च्या एका कायद्याने स्थानिक परिषदांना असा अधिकार दिला, की एखादा भाग त्यांनी जाहीर केला तर त्या भागातल्या अलार्म असलेल्या प्रत्येक घराने जवळच राहणारा एक चावीधारक नेमून त्याचे नाव परिषदेला कळवले पाहिजे. आणि भोंगा सलग वीस मिनिटांहून अधिक किंवा थांबून थांबून तासाहून अधिक वाजत राहिला आणि चावीधारकाचा पत्ता लागला नाही, तर परिषदेचा अधिकारी येऊन तो बंद करू शकतो. या नियमात पोलिसांच्या धावपळीचा प्रश्न बाजूला ठेवून आधी जवळच्या माणसाची सोय केलेली आहे. पुरावा मागणारा नियम आपल्याकडे जसाच्या तसा आणला, तर ज्याच्या घरी चार कॅमेरे आहेत त्याला पोलीस मिळतील आणि ज्याने कसाबसा एक भोंगा बसवला आहे त्याला मिळणार नाहीत, ही भीती मला वाटते. चावीधारकाच्या नियमात ती अडचण नाही. त्यासाठी सरकारची वाट पाहण्याचीही गरज नाही. आपल्या संस्थेची सर्वसाधारण सभा हा ठराव उद्या करू शकते.

चावीधारक कोण असावा? ज्याला रात्री दोन वाजता उठवले तर राग येणार नाही आणि जो दहा मिनिटांत चालत पोहोचू शकेल, असा. नातेवाईक डोंबिवलीला असेल तर त्याचा उपयोग नाही. एकाऐवजी दोघे असावेत, कारण मे महिन्यात आणि गणपतीत अर्धी वसाहत गावाला गेलेली असते. त्यांना घराची चावी द्यायची नसेल तर फक्त बाहेरच्या फाटकाची आणि अलार्म बंद करण्याच्या रिमोटची सोय करता येते. त्यांना एक गोष्ट निक्षून सांगावी: भोंगा वाजल्यावर त्यांनी घराभोवती फिरून बाहेरून पाहावे, दुसऱ्या कोणाला तरी सोबत घ्यावे आणि कुलूप तुटलेले किंवा खिडकी उचकटलेली दिसली तर एक पाऊलही आत टाकू नये. तिथून मागे येऊन ११२ लावावा आणि पोलिसांसोबतच आत जावे. घरात आतल्या बाजूला एखादा कॅमेरा असेल, तर आपण किंवा आपल्या चिरंजीवांनीही मोबाइलवर पाहून चावीधारकाला आधी कळवावे. आपल्याकडे रात्र असते तेव्हा सिअ‍ॅटलला दिवस असतो, ही त्यांच्या दूर असण्यातली एक सोय आहे.

११२ लावणाऱ्याने पत्ता कसा सांगावा याविषयी नवी मुंबईकरांना एक वेगळी सूचना द्यावीशी वाटते. आपल्याकडे सेक्टरचे क्रमांक प्रत्येक नोडमध्ये पुन्हा पुन्हा येतात. सेक्टर सहा वाशीतही आहे, नेरुळातही आहे, खारघरमध्येही आहे. राज्यभरातले ११२ चे कॉल नवी मुंबई आणि नागपूर येथील केंद्रांत घेतले जातात आणि तिथला कर्मचारी आपल्या गल्लीतला असेलच असे नाही. घाबरलेला माणूस ‘सेक्टर सहा, रो हाउस बावीस’ एवढेच बोलून फोन ठेवतो. आधी नोडचे नाव, मग सेक्टर, प्लॉट, घर क्रमांक आणि जवळची ठळक खूण, नंतर डोळ्यांनी काय दिसले ते आणि शेवटी स्वतःचा नंबर, या क्रमाने एक चिठ्ठी लिहून चावीधारकांच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. आपल्या अलार्ममधून जाणाऱ्या एसएमएसमध्येही नोडचे नाव आहे का, ते तपासा. बसवणारे बहुतेक वेळा फक्त सेक्टर टाकतात.

पॅनेलमध्ये सिमकार्ड असेल तर ते कोणाकोणाला फोन लावते तेही पाहा. काही तंत्रज्ञ ग्राहकाला खूश करण्यासाठी त्यात पोलिसांचा नंबर घालून ठेवतात. तो तातडीने काढून टाकावा. ध्वनिमुद्रित आवाजाने आणीबाणीची लाइन अडवणे हे कुणाच्याही हिताचे नाही आणि अमेरिकेतल्या अनेक शहरांनी अशी यंत्रे थेट पोलिसांना जोडण्यास बंदी केली आहे.

कोणी ‘दरमहा अमुक रक्कम द्या, आम्ही चोवीस तास लक्ष ठेवू’ असे सांगत आले, तर करारात एवढे बघा: सेन्सर वाजल्यावर ते आधी कोणाला फोन करतात, किती मिनिटांत, आणि जागेवर माणूस पाठवतात का. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थेकडे खासगी सुरक्षा संस्था (नियमन) कायदा, २००५ खालचा परवाना असणे बंधनकारक आहे. त्याची प्रत मागून घ्यावी. रक्षकाला पोलिसांचे अधिकार नसतात. समोर अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा करताना कोणी सापडला तर कोणाही नागरिकाप्रमाणे तो त्याला धरू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली केले पाहिजे.

पोलीस ठाण्यात आपण दोघांनी एकदा स्वतः जावे, हे मी आग्रहाने सांगतो. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावाने साधा अर्ज करावा: दोन्ही तारखा, काय घडले, दोष कोणता निघाला, दुरुस्ती कधी केली, चावीधारकांची नावे आणि नंबर. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. हवालदारांना झालेल्या त्रासाबद्दल त्यात एक ओळ जरूर लिहावी, कारण त्यांनी पावसात येऊन आपले काम चोख केले होते. त्याच भेटीत ठाण्याच्या ज्येष्ठ नागरिकांच्या यादीत आपली नावे नोंदवून घ्यावीत. महाराष्ट्राच्या २०१० च्या नियमांनुसार प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या, विशेषतः एकट्याने राहणाऱ्या ज्येष्ठांची अद्ययावत यादी ठेवायची असते. पुढे बाहेरगावी जाताना जाण्याची आणि परतण्याची तारीख ठाण्यात कळवावी, म्हणजे गस्तीवरच्या मार्शलना त्या ओळीत एक फेरी अधिक मारता येईल. एवढे केल्यावर आपले घर त्यांच्या लेखी ‘तो सारखा वाजणारा भोंगा’ राहत नाही आणि तिसऱ्या वेळी येणाऱ्या माणसाच्या मनातली कुरकुर बरीच कमी होते.

अलार्म काढून टाकू नये. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जुईनगरला चोरांनी शेजारच्या गाळ्यातून भुयार खणून एका बँकेच्या लॉकरपर्यंत मजल मारली, हे आपल्याला आठवत असेल. इतक्या चिकाटीच्या चोराला घरगुती अलार्म अडवू शकत नाही हे खरे. पण रो हाउसच्या मागच्या खिडकीतून शिरणारा चोर बहुधा घाईत असतो आणि आवाज झाला की पळतो. तेवढ्यासाठी तरी तो भोंगा हवा. मात्र दाराचे काम आणि तंत्रज्ञाची भेट होईपर्यंत, बाहेरगावी जाताना बाहेरचा भोंगा बंद ठेवून फक्त मोबाइलवरची सूचना चालू ठेवावी, असे मी सुचवीन. दुरुस्तीनंतर एका दुपारी शेजाऱ्यांना आधी सांगून प्रत्येक दार, प्रत्येक खोली तपासून घ्यावी आणि दर वर्षी पाऊस सुरू होण्यापूर्वी हे पुन्हा करावे.

संस्थेच्या सचिवांना आपण अजून उत्तर दिले नसेल, तर ते तंत्रज्ञाची नोंद हाती आल्यावर लगेच द्यावे. झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी, दोष काय होता, तो कसा काढला, भोंगा यापुढे किती मिनिटांत थांबेल आणि चावी कोणाकडे आहे, इतके त्यात असू द्यावे. आणि पुढच्या सभेत चावीधारकांची नोंदवही ठेवण्याचा विषय घ्यावा, अशी विनंतीही त्यातच करावी. त्या पत्राची एक प्रत पोलीस ठाण्यातल्या अर्जालाही जोडावी.